पाच थेंबांची झोप

कुकडीच्या खोऱ्यात रात्री जागे असणे हा आजार समजला जात नाही. ते काम असते. थ्री फेज लाइट ज्या आठवड्यात रात्रीची येते त्या आठवड्यात शेतकरी अकरा-बाराच्या सुमाराला बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला निघतो. सोबतीला कोणीतरी असावे लागते, कारण उसात बिबट्या असतो. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावात पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला आणि उसाने बिबट्याला बारमाही घर दिले. माणिकडोहला आता पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. टोमॅटोच्या हंगामात क्रेट भरून गाडी नारायणगावच्या बाजारात वेळेवर पोचवायची तर पहाट हाताशी उरत नाही. त्याच नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, आणि जत्रांच्या मोसमात फडाचे लोक रात्रभर उभे राहून दिवसा मिळेल तिथे पाठ टेकतात. लेण्याद्रीच्या डोंगरात सातव्या लेण्यातल्या दालनाभोवती वीस खोल्या कोरलेल्या आहेत. भिक्षूंनी विश्रांती घ्यावी म्हणून केलेली ही सोय. हल्ली तिथे लोक गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातात. खालच्या खोऱ्यात मात्र झोपेसाठी वेगळी राखलेली जागा असलेली घरे मोजकीच सापडतील.

अशा मुलखात ‘रात्री झोप लागत नाही’ हे वाक्य तक्रार म्हणून तोंडातून निघतच नाही. आणि बोलणारा माणूस एचआयव्हीसह जगणारा असेल, तर ते दुप्पट अडते. झोप का लागत नाही, हा पुढचा प्रश्न येईल; त्यापाठोपाठ कोणत्या गोळ्या चालू आहेत, हाही येईल.

महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या चार लाखांच्या आसपास आहे, देशातल्या सर्व राज्यांत जास्त. देशभराचा २०२३चा अंदाज पंचवीस लाखांच्या थोडा वर जातो. हे आकडे मोठे आहेत, पण त्यांच्या मागचे खरे परिवर्तन वेगळेच आहे. १९९७ साली डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पुण्यातला अभ्यास अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यक नियतकालिकात आला, तेव्हा गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या होत्या. त्यांतल्या बहुतेकींना धोका होता तो एकाच पुरुषाकडून, घरातल्या. तेव्हा प्रश्न जगण्या-मरण्याचा होता आणि औषधे वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होती. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. १ एप्रिल २००४पासून सरकारने एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, मोफत सुरू केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०१७पासून सीडी४ या प्रतिकारपेशींची संख्या कितीही असो, निदान झाले की उपचार सुरू, असे धोरण आले. ज्या बाईला १९९७ साली दोन वर्षे हातात आहेत असे सांगितले गेले असते, ती आज पन्नाशीत असू शकते, सुनेशी भांडू शकते, गुडघ्याला तेल लावू शकते. आणि रात्री तीनला उठून बसू शकते.

माणूस वाचल्यावरच त्याच्या झोपेचा प्रश्न उभा राहतो. वैद्यकाने तो उशिराच मनावर घेतला. २०१५ साली चिनी संशोधकांनी सत्तावीस अभ्यास एकत्र करून हिशेब केला, तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांनी झोपेची काही ना काही अडचण सांगितली. तरीही दवाखान्यातल्या भेटीत वजन होते, किती गोळ्या उरल्या ते मोजले जाते, व्हायरल लोडची तारीख पाहिली जाते, खोकला आहे का ते विचारले जाते. हे सारे योग्यच. झोपेचा प्रश्न मात्र विचारणाऱ्याच्या स्वभावावर आणि त्या दिवशीच्या गर्दीवर सोडलेला असतो.

या निद्रानाशाचे एक कारण खुद्द गोळीत होते. अनेक वर्षे सरकारी केंद्रांतून मिळणाऱ्या तिहेरी गोळीत एफाव्हिरेन्झ होते. ते मेंदूपर्यंत पोचते. चक्कर, तुटक झोप, आणि घाम फोडणारी, दिवसभर मागे लागणारी ठळक स्वप्ने हे त्याचे ओळखीचे परिणाम. म्हणून ती गोळी झोपताना आणि शक्यतो रिकाम्या पोटी घ्यायला सांगत, कारण तुपातेलाच्या जेवणावर ती घेतली की रक्तातले प्रमाण वाढते. काहींच्या शरीरात ती पचवणारे विकर जन्मतः मंद असते. त्यांच्यात तीच ६०० मिलिग्रॅमची मात्रा जास्तीची ठरते. दोघांना एकच गोळी आणि एकाला रोज रात्री पडके वाडे दिसतात, दुसरा घोरतो, याचे हे उत्तर. ते किती रुग्णांना कोणी समजावून सांगितले असेल? गावात अशा स्वप्नांसाठी दुसरी उत्तरे तयारच असतात आणि ती सांगणारा भगतही दूर नसतो.

२०२०नंतर टप्प्याटप्प्याने एफाव्हिरेन्झची जागा डोल्यूटेग्रॅव्हिरने घेतली. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्यूटेग्रॅव्हिर मिळून झालेली ही ‘टीएलडी’ गोळी विषाणूवर जोरकस आहे आणि एकंदरीत सोसवतेही बरी. पण झोपेच्या बाबतीत तीही पूर्ण निर्दोष नाही. जर्मनीतल्या दोन मोठ्या बाह्यरुग्ण केंद्रांच्या २०१७च्या अहवालात, वर्षभरात सुमारे ५.६ टक्के लोकांना झोप किंवा मनाच्या तक्रारींमुळे डोल्यूटेग्रॅव्हिर सोडावे लागले. स्त्रियांत आणि साठीपुढच्यांत हे प्रमाण जास्त होते. यावरचा पहिला उपाय फुकटातला आहे. गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायची. टीएलडी कोणत्याही ठरावीक वेळी चालते. पण ज्याने दहा वर्षे ‘रात्री झोपतानाच घ्या’ हे ऐकले, त्याने नवी गोळीही त्याच वेळी घेत राहणे स्वाभाविक आहे. शिवाय रात्रीची वेळ आणखी एका कारणाने सोयीची असते: घरातले झोपल्यावर डबी काढता येते.

हा लपवालपवीचा भाग औषधशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही, पण झोपेच्या हिशेबातून तो वगळता येत नाही. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, घरभाडे यांतला भेदभाव त्याने बेकायदा ठरवला, गोपनीयतेचा हक्क दिला. कायदा झाला म्हणून पारावरची नजर बदलत नाही. जवळच्या रुग्णालयात ओळखीचा शिपाई, ओळखीची आशाताई भेटेल म्हणून नव्वदेक किलोमीटरवरच्या पुण्याची पहाटेची एसटी धरणारी माणसे असतात. आदल्या रात्री त्यांची झोप उडते ती भीतीने आणि गजराने. त्यावर कुठल्याही वनस्पतीचा अर्क चालणार नाही.

आता झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या अर्काच्या बाटलीकडे वळू.

कॅनाबिडिऑल, म्हणजे सीबीडी, हे गांजा-भांगेच्या झाडातले एक रसायन. १९४०मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या रॉजर अॅडम्स यांनी ते वेगळे केले, आणि १९६३मध्ये इस्राएलच्या राफाएल मेशुलाम यांनी त्याची नेमकी रचना मांडली. नशा आणते ते दुसरे रसायन, टीएचसी. मेशुलाम आणि गाओनी यांनी ते पुढच्याच वर्षी शुद्ध रूपात वेगळे केले. सीबीडीने नशा येत नाही आणि त्याची चटक लागण्याची लक्षणे दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने २०१८मध्ये नोंदवले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शुद्ध सीबीडीच्या ‘एपिडिओलेक्स’ला लहान मुलांतल्या दोन दुर्मीळ आणि हट्टी अपस्मारांसाठी मान्यता दिली. ही मान्यता पक्क्या चाचण्यांवर उभी आहे. दिवसाला शरीराच्या दर किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम अशी या औषधाची मात्रा असते. हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडेल.

एचआयव्ही आणि गांजा यांचे नाते मात्र याहून जुने आहे, आणि ते मुळात प्रयोगशाळेतले नव्हते. १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत तरुण पुरुष एड्सने झिजून मरत होते. परिणामकारक औषध नव्हते, अन्न पोटात ठरत नव्हते. मेरी रॅथबन नावाची एक म्हातारी गांजा घातलेले ब्राउनी केक भाजून त्यांना वाटत असे. पोलिसांनी तिला वारंवार पकडले. शहराने तिला ‘ब्राउनी मेरी’ म्हणून डोक्यावर घेतले. ती जिथे स्वयंसेवक होती त्या रुग्णालयातले डॉ. डोनाल्ड एब्रम्स यांनी पुढे रीतसर अभ्यास केले. कॅलिफोर्नियात १९९६मध्ये औषधी वापराला मतदारांनी मंजुरी दिली, त्यामागे एड्सग्रस्तांची चळवळ होती. एब्रम्स यांच्या २००७मधल्या अभ्यासात एचआयव्हीमुळे होणाऱ्या पायांच्या नसांच्या वेदना गांजाच्या सिगारेटने निम्म्या रुग्णांत बऱ्यापैकी उतरल्या. बनावट सिगारेटने एक चतुर्थांशांत. तेव्हा या झाडाच्या औषधी गुणांची चर्चा एचआयव्हीच्या रुग्णांनी सुरू केली असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. पण त्या सिगारेटमध्ये काम करत होते ते प्रामुख्याने टीएचसी. त्याची पुण्याई सीबीडीच्या खात्यावर जमा करता येत नाही. बर्लिनमध्ये सीबीडीच्या जवळचा भाऊबंद असलेले कॅनाबिडिव्हेरिन हे नशारहित रसायन अशाच वेदनांसाठी बत्तीस रुग्णांवर तपासले गेले, तेव्हा त्याचा काही उपयोग दिसला नाही. हे २०२१मध्ये छापून आले.

आणि झोप? इथे पुरावा विरळ आणि एकमेकांशी भांडणारा आहे. सुरुवात ब्राझीलमधून झाली. १९८१मध्ये कार्लिनी आणि कुन्हा यांनी निद्रानाशाच्या पंधरा जणांना सीबीडी दिले. १६० मिलिग्रॅमला झोप लांबली, आणि स्वप्ने आठवण्याचे प्रमाण घटले. एफाव्हिरेन्झच्या स्वप्नांनी गांजलेल्या माणसाला ही दुसरी गोष्ट मोहात पाडील. पण २०१८मध्ये ब्राझीलमध्येच निरोगी स्वयंसेवकांना ३०० मिलिग्रॅम देऊन रात्रभर मेंदूचे आलेख काढले, तर झोपेच्या घडणीत फरक सापडला नाही. कोलोरॅडोतल्या एका दवाखान्याने २०१९मध्ये बहात्तर रुग्णांचे अनुभव मांडले. पहिल्या महिन्यात दोन तृतीयांशांची झोप सुधारली, नंतर ती वरखाली होत राहिली. तुलनेला खोटी गोळी घेणारा गटच नव्हता, त्यामुळे सुधारणा कशामुळे झाली ते सांगता येत नाही. निद्रानाशात खोट्या गोळीनेही माणूस बरा झोपतो, हे या क्षेत्रातले पहिले शहाणपण. ऑस्ट्रेलियात तीस जणांवर १५० मिलिग्रॅमची चाचणी झाली (ती २०२४मध्ये छापली गेली). लोकांना जरा बरे वाटले, पण निद्रानाशाच्या मुख्य मापात खोट्या औषधापेक्षा सरस असे काही निघाले नाही. तिथल्याच दुसऱ्या चाचणीत २०० मिलिग्रॅम सीबीडीसोबत १० मिलिग्रॅम टीएचसी दिले, तर त्या रात्रीची झोप साधारण पंचवीस मिनिटांनी कमीच झाली.

सगळ्यात मजेशीर निष्कर्ष २००४चा आहे. आठ जणांवरचा इंग्लंडमधला लहानसा प्रयोग. त्यात १५ मिलिग्रॅम सीबीडीने टीएचसीची गुंगी उलट कमी केली, माणसे अधिक जागी राहिली. कमी मात्रेत जागवणारे आणि जास्त मात्रेत निजवणारे, असे या रसायनाचे दुहेरी वागणे असू शकते. आता बाजारातली बाटली घ्या. समजा तीस मिलिलिटरच्या बाटलीत १००० मिलिग्रॅम सीबीडी आहे. एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर थेंबाला पावणेदोन मिलिग्रॅमही येत नाही. ‘रात्री जिभेखाली पाच थेंब’ म्हणजे आठ मिलिग्रॅमच्या आसपास. ब्राझीलच्या १६० मिलिग्रॅमपर्यंत जायचे तर रोज पंच्याण्णव-शहाण्णव थेंब घ्यावे लागतील आणि बाटली सहा रात्रींत संपेल. साठ किलोच्या माणसाला अपस्मारातली किमान मात्रा द्यायची झाली तर ती दोन दिवसही पुरणार नाही. हजारो रुपयांच्या बाटल्यांचा हा हिशेब कोणत्याही जाहिरातीत सापडत नाही. जी मात्रा परवडते तिच्यामागे झोपेचा पुरावा नाही, आणि ज्या मात्रेचा थोडाफार पुरावा आहे ती परवडत नाही. उलट बाजूने, ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ऑक्टोबर २०२३मध्ये निरोगी माणसाने रोज १० मिलिग्रॅमवर जाऊ नये असा सल्ला दिला आहे. हा सल्ला निरोगी माणसाला आहे, हे इथे अधोरेखित करावे लागेल.

कारण एचआयव्हीच्या रुग्णाच्या यकृताला आधीच बरीच कामे असतात. सीबीडीच्या जास्त मात्रेने यकृताची विकरे रक्तात वाढतात, हे एपिडिओलेक्सच्या चाचण्यांत ठळक दिसले. आपल्याकडे एचआयव्हीसोबत क्षयरोग चालतो; म्हणून आयसोनियाझिड प्रतिबंधक म्हणूनही दिले जाते, आणि तेही यकृताला त्रास देऊ शकते. त्यात देशी दारू असेल, कावीळ ‘ब’ असेल. मॉन्ट्रियलमधल्या डॉ. सेसिलिया कॉस्टिनियुक यांच्या गटाने एआरटीवर असलेल्या दहा जणांवर टीएचसी-सीबीडीच्या कॅप्सूलची छोटी चाचणी केली. बहुतेकांना ती सोसली. पण सीबीडी जास्त असलेल्या कॅप्सूलच्या गटातल्या एकाला यकृताचे आकडे चढल्यामुळे थांबवावे लागले. दहा जणांवरून नियम काढू नये. सावध मात्र व्हावे.

दुसरी बाजू औषधांच्या आपसातल्या व्यवहाराची. सीबीडी मुख्यतः सीवायपी ३ए४ आणि २सी१९ या विकरांमार्फत पचते. क्षयावरचे रिफॅम्पिसिन पहिल्या विकराला एवढे चेतवते की सीबीडी रक्तातून लवकर नाहीसे होते. एफाव्हिरेन्झही त्याच दिशेने ढकलते. दुसऱ्या फळीच्या एआरटीतले रिटोनाव्हिर नेमके उलट करते, त्या विकराला दाबून टाकते. म्हणजे एकाच ओळीत बसलेल्या तीन रुग्णांनी त्याच बाटलीतले पाच थेंब घेतले तर तिघांच्या रक्तात तीन वेगळ्या मात्रा असतील. त्यात जेवणाची भर: तेलातुपाच्या भरपेट जेवणावर सीबीडी रिकाम्या पोटाच्या चौपट शोषले जाते. डोल्यूटेग्रॅव्हिर वेगळ्या वाटेने पचत असल्याने सीबीडीशी त्याचे मोठे भांडण व्हावे असे शास्त्रावरून वाटत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण पन्नाशीतल्या रुग्णाच्या पिशवीत एआरटी एकटी नसते. रक्तदाबाची गोळी असते, कोलेस्टेरॉलची असते, कोणाकडे रक्त पातळ करणारे वॉरफरिन असते. आणि वॉरफरिनचा परिणाम सीबीडीने वाढल्याचे नोंदले गेले आहे.

इथवर बाटलीत खरोखरच सीबीडी आहे असे गृहीत धरले. ते धरता येते का? २०१७मध्ये ‘जामा’त आलेल्या तपासणीत अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या चौऱ्याऐंशी उत्पादनांपैकी फक्त सव्वीसांवरचे लेबल खरे निघाले, अठरांत टीएचसी सापडले. आपल्याकडे गुंता वेगळा आहे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे आणि चरस म्हणजे राळ. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. पाने म्हणजेच भांग, आणि तिच्यावरची सत्ता राज्यांकडे. उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा भांगेलाही परवान्याच्या कक्षेत आणतो. भीमाशंकरच्या महाशिवरात्रीला कोणी काय घोटतो तो भाग निराळा. त्याच वेळी औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात विजया, म्हणजे भांग, ही वैद्यकीय देखरेखीखाली वापरायच्या आयुर्वेदिक द्रव्यांत आहे. जातिफलादि चूर्णात ती असते आणि ते पोटाच्या विकारांवर पिढ्यान् पिढ्या दिले गेले आहे. ‘विजया अर्क’ या नावाने ऑनलाइन मिळणारी बरीच उत्पादने या परवानगीच्या छत्राखाली विकली जातात.

अडचण अशी की आपल्या मातीतली भांग मुळात टीएचसीची धनी आहे. सीबीडी जास्त असलेल्या जाती बाहेर मुद्दाम जोपासल्या गेल्या. त्यामुळे पानांचा अर्क आणि शुद्ध सीबीडी या दोन फार वेगळ्या वस्तू आहेत, आणि पहिली वस्तू दुसरीच्या प्रतिष्ठेवर विकली जाते. तिसरी वस्तू म्हणजे किराणा दुकानात शोभणारे हेंपच्या बियांचे तेल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१मध्ये त्याला अन्न म्हणून परवानगी दिली, किलोमागे ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सीबीडी नसावे या अटीवर. म्हणजे तीस मिलिलिटरच्या बाटलीत जेमतेम दोन मिलिग्रॅम. ते चटणीवर घालावे. झोपेसाठी घेऊ नये. लेबलवर मात्र तीच सात पर्णिकांची हिरवी पाने.

झाडाविषयी सोवळेपणा बाळगण्याचे कारण नाही. १८३९मध्ये कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी यांनी धनुर्वात आणि बाळांच्या आकडीवर भांग-गांज्याचे प्रयोग मांडले. आजच्या एपिडिओलेक्सचा हा दूरचा पणजोबा. १८९३-९४च्या इंडियन हेंप ड्रग्ज कमिशनने हजारावर साक्षी घेऊन बेताच्या सेवनाने फारसे बिघडत नाही आणि बंदी घालू नये, असे सरकारला कळवले. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांत या झाडाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या ठरावाच्या बाजूने भारतानेही मत दिले. तेव्हा ‘गांजा म्हणजे वाईटच’ हे उत्तर जितके आळशी, तितकेच ‘आयुर्वेदातले आहे, नैसर्गिक आहे’ हेही आळशी. एफाव्हिरेन्झच्या मात्रेवर एवढा विचार करणाऱ्या व्यवस्थेने सीबीडीच्या मात्रेवर विचारच करू नये, याला कारण एकच दिसते: झोपेला आजाराच्या यादीत जागा मिळालेली नाही.

मग रात्री तीनला उठून बसणाऱ्या त्या बाईने काय करावे? तिची झोप मोडण्याचे कारण आधी शोधले पाहिजे, आणि ते शोधायला यंत्र लागत नाही, वीस मिनिटे लागतात. गोळी कधी घेते. चहा कितीदा. रजोनिवृत्तीची उष्णता आहे का. नवरा गेल्यापासून उदास आहे का. घोरते का, कारण वजन वाढलेल्यांत श्वास अडून झोप मोडते आणि टीएलडीवर काहींचे वजन वाढते. पाय जळजळतात का. त्यानंतर जे उरते त्याला वैद्यक दीर्घकालीन निद्रानाश म्हणते, आणि त्यावरचा पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये वर्तनोपचाराची शिफारस केली, झोपेच्या गोळ्यांच्या आधी. त्यात अंथरुणात घालवायचा वेळ आखडता घेतात, झोप नसेल तर उठून बसायला सांगतात, उठण्याची वेळ रोज एक ठेवतात, आणि ‘आज झोपलो नाही तर उद्या संपलो’ या विचाराची उलटतपासणी करतात.

हे सारे लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढे वेगळी शयनगृहे असतात. खोऱ्यातल्या दोन खोल्यांत सहा जण झोपतात. ‘झोप नसेल तर दुसऱ्या खोलीत जा’ म्हणजे ओट्यावर जा, आणि ओट्यावर रात्री एकटीने बसणे बिबट्याच्या भागात शहाणपणाचे नाही. ‘रोज एका वेळी उठा’ हे दर आठवड्याला विजेची पाळी बदलणाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? उपचार निकामी आहे असा याचा अर्थ नाही. तो इथल्या समुपदेशकाने इथल्या घराच्या मापाने बेतला पाहिजे, आणि एआरटी केंद्रांतले समुपदेशक हे करू शकतात. गोळी चुकू नये म्हणून माणसाच्या दिवसाचे वेळापत्रक घडीघडीने समजून घेण्याचे काम ते अशीही वर्षे करत आले आहेत. मनाचा भाग जड असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, मराठीतून बोलता येते आणि नाव सांगावे लागत नाही.

सीबीडीची बाजू बंद करावी, असा याचा अर्थ नाही. उलट ती उघडण्याची उत्तम जागा पुणे जिल्ह्यातच आहे. भोसरीची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२पासून उभी आहे. अलीकडे तिचे नाव आणि कार्यकक्षा दोन्ही विस्तारली. उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते हे २०११मध्ये जगाला पटवणाऱ्या एचपीटीएन ०५२ या आंतरराष्ट्रीय चाचणीत, पुण्यातली जोडपी सामील होती. ज्या जिल्ह्याने तो पुरावा दिला, त्याला शुद्ध सीबीडी, मोजकी मात्रा, खोटे औषध घेणारा तुलनागट आणि दर पंधरवड्याला यकृताची तपासणी असलेली चाचणी करणे अवघड नाही. २०१७चा कायदा संशोधनासाठी माहितीपूर्ण संमती सक्तीची करतोच. अवघड आहे ते पैसे कोण देणार हे. मोफत टीएलडी घेणाऱ्या रुग्णाच्या झोपेत औषध कंपनीला बाजार दिसत नाही, आणि अर्क विकणाऱ्याला चाचणीवाचून चालते आहे. तेव्हा हा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा, हेच सरळ.

तोपर्यंत बाटल्या येतच राहणार. मोबाइलवर जाहिरात येते, पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या मागवून देतो, आणि ती डबीशेजारी त्याच कपाटात लपते. ज्यांनी ती आधीच सुरू केली आहे त्यांनी पुढच्या तारखेला ती सोबत न्यावी, लेबलसकट. समोरच्या डॉक्टरांनी ओरडू नये. ओरडले की पुढच्या वेळी बाटली घरीच राहते. तिच्यावर टीएचसीचे प्रमाण लिहिले आहे का ते पाहावे, क्षयाचे किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ती थांबवायला सांगावे, यकृताची एसजीपीटी चाचणी करून घ्यावी, आणि एआरटीच्या नोंदींतच ‘रात्री पाच थेंब’ हेही तारखेसह लिहून ठेवावे.